सोलापुरात बसून लिहायचं तर सुचणार काय? एका नव्या लेखकाला उत्तर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या एका तरुणानं मला विचारलं आहे: ‘घरी तेलुगू, बाहेर मराठी. आईनं जन्मभर विड्या वळल्या. मला कथा लिहायच्या आहेत, पण सुचत नाही. सुचलं तर दोन पानांपुढं जात नाही. लेखकांना कल्पना मिळतात तरी कुठून? तुम्ही रोज कशा लिहिता? आईवर लिहिलं तर चालेल का? आणि हे सोलापुरात राहून होईल, की पुण्याला जावं?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकते. नोकरीसाठी जायचं असेल तर पुण्याला खुशाल जा. लिहिण्यासाठी जाऊ नका. तिथं लेखक भेटतात, कार्यक्रम होतात, चहा होतो. लिहिणं मात्र खोलीचं दार लावूनच करावं लागतं, आणि खोलीचं भाडं इथं कमी आहे.

बाकीच्या प्रश्नांना वेळ लागेल. मी नोकरीची सगळी वर्षं एका सहकारी बँकेच्या पूर्व भागातल्या शाखेत काउंटरवर काढली आणि त्याच काळात कथा लिहिल्या. त्यामुळं जे सांगते ते नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याच्या बाजूनं.

तुमच्या वहीत काय असेल याचा मला अंदाज आहे. ‘गिरण्या बंद पडणे’, ‘विडी कामगारांचे हाल’, ‘गड्डा यात्रा’, ‘पाणी’, ‘मार्शल लॉ’. इथं लिहायला बसणाऱ्या बहुतेकांच्या वहीत हीच यादी असते. यादीत वाईट काही नाही, पण हे सगळे विषय झाले. विषयावर भाषण करता येतं, अग्रलेख लिहिता येतो, शाळेत असाल तर वक्तृत्वाचं बक्षीसही मिळतं. कथा लिहायला घेतली की दोन पानांत सगळं सांगून होतं, कारण आपल्याला जे आधीपासून ठाऊक होतं ते तेवढंच असतं. तुमचं घोडं अडतं ते इथं.

माझ्या कथा सुरू झाल्या त्या मला न उलगडलेल्या वागण्यापासून. कुणीतरी असं काही करतं की त्याचा अर्थ लागत नाही आणि ते डोक्यातून जातही नाही. जोडीला आणखी एक गोष्ट लागते: त्या माणसाला बांधून ठेवणारा एखादा नियम. कायद्याचा, कामाचा, घरातला, देवळातला, कुठलाही चालेल. वागणं एकीकडं ओढतं, नियम दुसरीकडं, आणि मग कथेला मागून ढकलावं लागत नाही. हे नुसतं बोलून कळायचं नाही, म्हणून एक उदाहरण सविस्तर देते. यातले तपशील मी कथेतही बदलले होते आणि इथंही बदललेले आहेत.

आमच्या शाखेत सोने तारण कर्जाचं काम मोठं. दागिना आणायचा, सराफ तो कसोटीवर घासून वजन करणार, ठोक वजन आणि निव्वळ वजन लिहिणार, मग पाकीट सीलबंद, त्यावर सह्या, आणि पाकीट तिजोरीत. मुदत साधारण वर्षाची. मुदतीत व्याजासह पैसे भरले की दागिना परत; नाही भरले तर नोटीस, आणि शेवटी लिलाव. एक बाई पाटल्या ठेवायच्या. कर्ज अगदी थोडं, पाटल्यांच्या किमतीच्या मानानं काहीच नाही. मुदत संपत आली की यायच्या, व्याज भरायच्या, कर्ज नव्यानं करून घ्यायच्या. गंमत अशी की मुद्दल फेडता येईल एवढे पैसे त्यांच्या बचत खात्यावर आमच्याच बँकेत पडून असायचे. बँकेच्या माणसाला हे बघवत नाही. बचतीवर मिळतं ते व्याज कमी, कर्जावर जातं ते जास्त. आकडे सरळ सांगतात की बाई नुकसान करून घेताहेत. शेजारच्या टेबलावरचे म्हणायचे, समजत नसेल बिचारीला. मला तसं वाटत नव्हतं. त्या पावती दोनदा वाचून मग सही करायच्या.

एकदा मी म्हटलं, कर्ज फेडून टाका आणि दागिने लॉकरमध्ये ठेवा, स्वस्त पडेल. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘लॉकरची किल्ली घरी ठेवावी लागती की वो मॅडम. गहाण हाय म्हटलं की कोण मागत नाही.’

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, झाली की कथा. थांबा. हा किस्सा झाला. किस्सा शेवटच्या वाक्यावर टाळी घेतो आणि संपतो. मी त्या रात्री तो तसाच लिहून काढला असता तर दीड पानात आटोपला असता, आणि वाचणाऱ्यानं ‘बाई हुशार हं’ म्हणून पान उलटलं असतं. नवे लेखक इथंच फसतात. त्यांना किस्से भरपूर सापडतात आणि ते तिथंच थांबतात. किस्सा हाती लागला की मी एक प्रश्न विचारते: या युक्तीची किंमत कोण भरतंय?

व्याज तर बाई भरतच होत्या. पण जगाच्या नजरेत त्यांच्या घरावर कर्ज आहे. दागिने गहाण पडलेत म्हणजे घरात काहीतरी बिघडलंय, असं गल्ली धरून चालते. बिघडवलं कुणी? अर्थात नवऱ्यानं. म्हणजे किंमत नवरा भरतोय, आणि त्याला ते ठाऊक असेल किंवा नसेल. मग मी त्यांना एक मुलगी दिली. त्यांना खरंच मुलगी होती का, मला माहीत नाही. इथून पुढचं सगळं माझं. मुलगी लहानपणापासून ऐकत आली की आईच्या पाटल्या बँकेत आहेत. ती बापाला दोषी धरून मोठी झाली. तिच्या लग्नाचं ठरतंय, पाटल्या सोडवून आणा म्हणून मागणी येते, आणि आईला खरं सांगता येत नाही. कारण खरं सांगितलं की त्या दिवसापासून दागिने सगळ्यांचे होतात.

आता कथा आली. तरीही एक निर्णय उरला होता: दागिने मागणारं घरात कोण? पहिल्या खर्ड्यात मी नवऱ्याला दारुडा केलं. ते सोपं होतं, म्हणून दुसऱ्या खर्ड्यात काढून टाकलं. दारुड्यापासून सोनं लपवलं तर वाचकाला विचार करायलाच काही उरत नाही. त्याच्या जागी एक भला माणूस आणला, ज्याला भावांना नाही म्हणता येत नाही. धाकट्याला माग घ्यायचे, द्या. मधल्याचं आजारपण, द्या. सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. अशा देवमाणसाच्या बायकोला सोनं गहाण टाकून वाचवावं लागतं. आणि मुलगी त्याला लफंगा समजते. कथा मुलीच्या तोंडून सांगितली, कारण तिघांत सर्वांत कमी माहिती तिला आहे. सर्वांत कमी जाणणाऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं की वाचक त्याच्या पुढं धावतो, आणि त्याला तसं धावायला आवडतं.

या सगळ्यात ‘प्रतिभा’ म्हणतात ती कुठं होती? मला तरी सापडली नाही. सोने तारणाचे नियम मला पाठ होते, हे मात्र कामी आलं. मुदत, नोटीस, लिलाव माहीत नसता तर कथेत घड्याळ कुठून आणलं असतं?

म्हणून मी नव्या लेखकांना म्हणते, भावना राहू द्या बाजूला, आधी त्या माणसाचं काम शिकून घ्या. तुमच्या घरातलंच घ्या. विडीवरच्या कथा मी पुष्कळ वाचल्या आहेत; बहुतेकींत खोकला असतो, अंधारी खोली असते, सुपात तंबाखू असते. त्या बाईचा हिशेब नसतो. कारखान्यातून पान, तंबाखू आणि सूत मिळतं, घरी आणायचं, पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, वळायचं, सुतानं बांधायचं आणि मोजून परत द्यायचं. मजुरी हजारावर. पान खराब निघालं, फाटकं निघालं, तर दिलेल्या पानात ठरलेल्या विड्या भरत नाहीत. मग भर घालायला स्वतःच्या पैशानं पान आणायचं. वर तपासणीत काही विड्या छाटल्या जातात. आता बघा, इथं किती कथा बसल्यात. छाटलेल्या विड्यांचं पुढं काय होतं? चांगल्या पानाचा पुडा कुणाला मिळतो आणि का? शेजारणीची बोटं धरली आहेत, तिच्या नावावरचं काम दुसरीच करते, कारण काम सुटलं तर कार्ड जातं, फंड जातो. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, फंड आहे, मुलांना शिष्यवृत्ती आहे. कदाचित तुम्हालाही ती मिळाली असेल. त्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर आई विडी कामगार असल्याचा पुरावा जोडावा लागतो. आईचं काम शाळेत कुणाला कळू नये असं वाटणारा एक मुलगा, आणि ते काम कागदावर सिद्ध केल्याशिवाय न मिळणारे पैसे. घ्या, ही तुम्हाला दिली.

कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत बघितलीच असेल. २००६ साली तिथं विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. तिच्यावर बातम्या आल्या, लेख आले, ते यायलाच हवेत. कथाकार म्हणून मला दुसरंच खुपतं: एकसारख्या दहा हजार घरांत राहायला आलेल्या बाईनं सर्वांत आधी काय बदललं? दाराचा रंग? उंबरा? आणि ज्या घरात आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव कागदावर आलं, तिथं नवऱ्याची पाटी कोणी लावली?

गड्ड्याचंही तसंच. दिव्यांची रोषणाई, पाळणे, गर्दी, भेळ हे लिहून झालं आहे. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, असतात, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा असते, अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर होतो. हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला चार ओळींत सांगता येतं. पण नंदीध्वज पेलण्याचा सराव संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून चालतो. वर्षानुवर्षं पेलणाऱ्या एका माणसाची कंबर यंदा धरली आहे. त्यानं अजून घरी सांगितलेलं नाही. मुलाला तो शिकवतो आहे आणि मुलगा मन लावून शिकत नाही, कारण त्याचं लक्ष हैदराबादच्या नोकरीकडं. नियम पक्का, तारीख पक्की, १४ जानेवारी काही पुढं ढकलली जात नाही. असा नियम मिळणं म्हणजे लेखकाची चांदी.

मार्शल लॉबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण तिथं जबाबदारी जास्त आहे. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लष्करी अंमल कसा बसवला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी कशी झाली, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. कथा लिहिणारा प्रत्येकजण फाशीच्या दोरापासून सुरुवात करतो. तिथं कल्पनेला जागाच नाही. चौघांच्या तोंडी आपली वाक्यं घालणं मला पटत नाही. ती खरी माणसं, त्यांची घराणी आहेत. त्या दिवसांत ज्याचं नाव कुठंच लिहिलं गेलं नाही असा कुणीतरी शोधा. लष्करी अंमलात गांधी टोपी घालून रस्त्यावर यायची चोरी झाली होती. अशा वेळी टोप्या शिवून विकणाऱ्या शिंप्याच्या दुकानात शिवून तयार असलेला माल पडलेला आहे. तो त्याचं काय करतो? जाळतो, लपवतो, फुकट वाटतो? हे लिहायला त्या वेळचे कपड्यांचे भाव, शिलाईचं यंत्र, दुकानाची फळी कशी बंद होते, असलं काहीतरी शोधावं लागेल. त्यासाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा. जुनी वर्तमानपत्रं चाळताना मुख्य बातमी सोडून जाहिराती वाचा.

वर्तमानपत्रावरून आठवलं. आजच्या पेपरातही लेखकासाठी सर्वांत भरलेलं पान आतलं असतं, जाहीर नोटिशींचं. ‘माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही.’ जागेच्या चतुःसीमा: पूर्वेस अमुकचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस मारुतीचं देऊळ. मूळ खरेदीखत गहाळ झाल्याची नोटीस. मला तर चतुःसीमा वाचताना घरंच दिसायला लागतात. बापानं मुलाविरुद्ध नोटीस द्यायला वकिलाकडं जाताना अंगावर कुठला सदरा घातला असेल, याचा विचार करत मी कितीदा सिटी बस चुकवली आहे. नोटीस मात्र जशीच्या तशी उचलायची नाही. नावं, गट नंबर, गल्ली सगळं मागं सोडायचं, फक्त पेच घ्यायचा.

पाणी हा विषयही असाच आतून बघावा. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि अख्खं घर त्या दिवसाभोवती फिरतं. पाहुण्यांना कधी बोलवायचं, धुणं कधी, डोकं कधी धुवायचं, बाहेरगावी कधी जायचं. टँकर आणि मोर्चा यांची कथा मला नको. ज्या पहाटे पाणी आलंय त्याच पहाटे घरात कुणी वारलं तर आधी काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही शेजारणीला विचारा आणि तिचा चेहरा बघा.

आता वही. मी वहीत कल्पना लिहीत नाही. ऐकलेलं, पाहिलेलं लिहिते, आणि तेही एका अटीवर: ज्याचा अर्थ मला तत्क्षणी लागला ते लिहायचं नाही. अर्थ लागलेला असतो तो बहुतेक वेळा आपलाच जुना असतो. शिवाय वहीत विशेषणं नको. ‘केविलवाणी म्हातारी’ असं लिहून ठेवलं तर महिन्यानं वाचताना म्हातारी दिसत नाही, आपली दया दिसते. ‘म्हातारीनं एसटीत चढायच्या आधी चपला काढून पिशवीत ठेवल्या’ असं लिहिलं तर ती म्हातारी वर्षानंही जागची हलत नाही. मोबाइलवर बोलून नोंद केली तरी चालतं, पण रात्री ती हातानं उतरवून काढा. उतरवताना निम्मं गळून जातं आणि जे राहतं तेच कामाचं असतं.

दोन वेगवेगळ्या नोंदी कधीतरी एकमेकींना भेटतात. पाटल्यांची नोंद माझ्या वहीत कितीतरी दिवस एकटी होती. एका लग्नात एका मुलीनं बापाच्या पाया पडायचं टाळलं, ते मी लिहून ठेवलं होतं. या दोन्ही नोंदी एका संध्याकाळी मी लागोपाठ वाचल्या. ‘सुचलं’ म्हणतात ते एवढंच. म्हणून वही लिहिण्याइतकीच वाचायलाही हवी. माझी रविवारची सकाळ त्यात जाते.

रोजच्या लिहिण्याबद्दल. अँथनी ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि पाव तासात अडीचशे शब्द असा स्वतःला हिशेब लावून द्यायचा. पहाटे उठवून कॉफी देणाऱ्या नोकराला तो त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्त द्यायचा. हे त्यानं आत्मचरित्रात लिहिलं, ते १८८३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं, आणि वाचकांना ते रुचलं नाही म्हणतात. लेखक असा घड्याळ लावून लिहितो म्हणजे काय! आपल्याकडं हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच, मूड असो वा नसो. मराठी कादंबरीची पायाभरणी अशी अंकाच्या तारखांवर झाली आहे, हे प्रतिभेची वाट बघत बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

ट्रोलपचा हिशेब मला कधी झेपला नाही आणि तुम्हीही त्याच्या मागं लागू नका. घरात नोकर नाही, कॉफी आपणच करायची असते. नोकरीत असताना मी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये लिहायचे, डबा दहा मिनिटांत आटोपून. आता सकाळी लिहिते. पाण्याच्या दिवशी सुट्टी. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार सोलापुरात रस्त्यावर कुत्रंही नसतं, ती वेळ मी दुरुस्त्यांना ठेवते, कारण उन्हानं डोकं जड झालं की नवं सुचत नाही, पण जुन्यातला फालतूपणा बरोबर दिसतो. तुमची पाळी बदलती आहे की ठरलेली, ते तुम्ही सांगितलं नाही. ठरलेली असेल तर कामाला जाण्याआधीचा अर्धा तास घ्या. रात्रीचा भरवसा धरू नका. दिवसभर आकडे लिहिलेला हात रात्री वाक्यं नीट लिहीत नाही. आणि उठताना वाक्य अर्धवट सोडून उठायचं. दुसऱ्या दिवशी बसल्याबसल्या ते पुरं करायचं असतं, त्यामुळं कोऱ्या कागदाशी गाठ पडत नाही.

दोन पानांवर अडकणाऱ्या कथेचं काय करायचं? तुमची एकही कथा मी वाचलेली नाही, पण अशा पुष्कळ वाचल्या आहेत. पहिल्या दोन पानांत सकाळ होते, चहा होतो, गल्लीचं वर्णन येतं, जुन्या मिलचा भोंगा आठवतो, आजोबा आठवतात. १८७७ ला सुरू झालेली मिल, तिच्यावर उभं राहिलेलं शहर, हे सगळं खरंच आहे, पण कुणी काही मागत नाही, कुणी कुणाला नाही म्हणत नाही. ही दोन पानं फाडू नका, बाजूला ठेवा. तिसऱ्या पानापासून सुरू करा आणि पहिल्याच परिच्छेदात कुणालातरी काहीतरी हवं असू द्या, आजच्या आज. गल्लीचं वर्णन लागेल तसं आतून येतं. पुढं काय होईल ते अडलं, तर विचारा: या माणसाला जे हवंय ते मिळालं तर कोणाचं नुकसान? ज्याचं नुकसान तो पुढच्या प्रसंगात आला पाहिजे.

जाता जाता एक. लोक तुम्हाला सांगतील की तुम्ही विणकरांचे वंशज, कथा ताण्याबाण्यासारखी विणा. सोलापुरातल्या प्रत्येक संमेलनात हे वाक्य एकदा तरी पडतं. टाळ्या वाजवा आणि सोडून द्या. माग कसा चालतो हे कथेत उपयोगाचं आहे, कथा मागासारखी चालते हे म्हणून काही हाती लागत नाही.

भाषेची काळजी करू नका. घरी तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, हे आपल्या शहराचं भांडवल आहे. पण संवादात तेलुगू शब्द पेरून ‘वातावरण’ तयार करायचा मोह आवरा. तेलुगू घरातली बाई मराठीत बोलताना थांबते कुठं, कुठली गोष्ट ती सरळ न विचारता आडून विचारते, रागावली की कुठल्या भाषेत जाते, ते पकडा. ‘काय करलालास बे’ एकदा आलं तर पात्र उभं राहतं, पानापानावर आलं तर नकला वाटतात.

राहिला आईचा प्रश्न. परक्या माणसावर लिहिताना मी एक पद्धत पाळते: कथा ज्या खिळ्यावर लटकली आहे तेवढा ठेवायचा, बाकी सगळं बदलायचं. पाटल्यांच्या कथेत सोनं आणि गहाण ठेवलं. गाव, जात, धंदा, वय, माणसांची संख्या, सगळं बदललं. नुसतं नाव बदलून काही साधत नाही, गल्लीत अर्ध्या तासात ओळखतात. बँकेत असल्यामुळं मला आणखी जपावं लागलं. खातेदाराची माहिती बाहेर बोलायची नसते, कथेतही नाही. आईच्या बाबतीत ही पद्धत चालणार नाही, कारण विडी वळणारी कुठलीही बाई लिहिली तरी लोक म्हणणार, ही याची आई. तेव्हा दोनच वाटा. तिच्या परवानगीनं, तिच्या नावानं आठवणी लिहा, किंवा तिच्याकडून फक्त काम शिका आणि ते काम तिच्याहून अगदी वेगळ्या स्वभावाच्या बाईला द्या. मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट घेतली असती. आई भित्री असेल तर कथेतली बाई भांडकुदळ करा. आई काटकसरी तर ही उधळी. काम तेच राहील, माणूस तुमचा होईल.

आणि तिला विचाराल तेव्हा ‘किती त्रास झाला’ असं विचारू नका. ती सवयीनं सगळ्यांना देते तेच उत्तर देईल. वळताना डाव्या हाताचं काम काय, चांगलं पान हाताला कसं कळतं, तपासणीला कोण कडक होतं आणि त्याला कसं गुंडाळायचं, ते विचारा. ती कशात तरबेज होती तिथून सुरुवात करा.

कथा पुरी झाली की छापायला पाठवण्याआधी एक करा. दिवाळी अंकांचे संपादक बहुधा पावसाळ्याच्या सुरुवातीला कथा मागवायला लागतात, म्हणजे तुमच्याकडं वेळ आहे. आईला मराठी वाचता येत असो वा नसो, कागद हातात न घेता ती कथा तिला तेलुगूत सांगा, जशी शेजारची बातमी सांगाल तशी. जी वाक्यं नुसती सजावट होती ती तुमच्या तोंडून बाहेरच पडणार नाहीत. ती वाक्यं मग कागदावरूनही काढा. आणि तिनं मध्येच थांबवून ‘असं नसतंय’ म्हटलं, तर वाद न घालता तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि विचारा, मग कसं असतं.